केस बांध, केस बांधजो

…आणि तिसऱ्या खेपेलाही मयुरी दुसऱ्या बेसवर पोचली, तेव्हा चेंडू तिच्या आधीच तिथं येऊन बसला होता. काल आपण इथंच थांबलो होतो. अंपायरनं मूठ वर केली, कारंज्याच्या पोरींनी टोप्या उडवल्या, आणि सेलूच्या पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. मयुरीकडे मात्र कोणी पाहिलं नाही. ते न पाहणंच पुढच्या सगळ्या रामायणाला कारण झालं.

काल जे नव्हते त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की गोष्ट वर्ध्याजवळच्या सेलूच्या कांताबाईंची आहे. कांता थूल. अंगणवाडी सेविका, वय पन्नाशीच्या पलीकडे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चाल अशी की समोरून येणारी म्हैससुद्धा रस्ता देईल. आणि संध्याकाळी पाच वाजले, की बाजारओट्यांमागच्या मोकळ्या जागेत त्याच कांताबाई गावातल्या पोरींना बेसबॉल शिकवतात. सेलूत बेसबॉल कुठून आला, असं हसून विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना कांताबाई एकच सांगतात, "क्रिकेट तरी कुठं आपल्या वावरात उगवलं होतं?"

आला तो असा. कांता सातवीत असताना शाळेत अमरावतीकडचे एक खेळाचे मास्तर बदलून आले. येताना एक बॅट, चार हातमोजे आणि लोखंडी जाळीचा एक मुखवटा घेऊन आले. चेंडू फेकायला सगळ्या तयार, मारायला सगळ्या तयार. पण बॅटवालीच्या मागं उकिडवं बसून चेंडू झेलायचा, याला कोणी तयार होईना. दहा मिनिटांत मांड्या भरून येत. कांता बसली ती सुटी होईपर्यंत बसून राहिली. मास्तर म्हणाले, "पोरी, थकली नाहीस?"

"सर, मायसंग वावरात निंदाले जातो तं दिवसभर बसून पुढं सरकाबी लागते. इथं तं बसल्या जागीच चेंडू येते."

तेव्हापासून ती कॅचर. तिचे वडील चिंधूजी जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलायचे. आठवड्यातून एकदा शाळेच्या कुंपणाशी उभे राहून लेकीचा खेळ पाहायचे आणि कामावर जाऊन सांगायचे, की आमची कांता मैदानात मुखवटा घालून बसते आणि सगळ्यांना बोटांनी हुकूम देते. हे खरंच होतं. कॅचर मांड्यांच्या आडोशाला बोटं दाखवते आणि पिचर त्याप्रमाणं चेंडू टाकते. एक बोट म्हणजे सरळ, दोन म्हणजे वळवून. खुणांची गोडी कांताला तिथं लागली, ती आजतागायत सुटली नाही.

जिल्हा झाला, विभाग झाला, एकदा राज्यालाही जाऊन आली. मग लग्न झालं. नवरा एसटीच्या आगारात मेकॅनिक, माणूस शांत. सासू धुरपताबाईंनी मात्र सुनेची पेटी उघडली आणि साड्यांच्या खालून तो जाळीचा मुखवटा काढला.

"हे काय वं? हे घालून आग्यामोहोळ झाडाचं काय?"

कांतानं सांगून पाहिलं. सासूबाईंना खेळ कळला नाही, पण वस्तू आवडली. त्या वर्षीपासून मिरच्या कांडायला बसल्या की त्या मुखवटा चढवून बसायच्या. जाळीतून तिखट डोळ्यांत जातच होतं, पण त्या म्हणायच्या की आता कमी झोंबते. आजही तो मुखवटा कांताबाईंच्या छपरीत खुंटीला आहे आणि नाकाजवळ घेतला तर शिंक येते.

असो. मुद्दा खुणांचा.

बेसबॉलमध्ये चार ठाणी असतात, त्यांना बेस म्हणायचं. चारही फिरून घरी परतलं की एक रन. बेसवर उभी असलेली पोरगी, कोणी चेंडू मारायची वाट न पाहता, समोरच्या पिचरच्या हातून चेंडू सुटला की पुढच्या बेसकडे पळू शकते. याला बेस चोरणं म्हणतात आणि ही चोरी कायद्यात बसते. पण पळायचं कधी आणि थांबायचं कधी हे कोचनं सांगायचं, तेही समोरच्यांना कळू न देता. म्हणून कोच बाहेर उभा राहून कान पकडतो, नाक पुसतो, टोपी फिरवतो. कांताबाई तर अशा काही खुणा करायच्या की पाहणाऱ्याला वाटावं, बाईंच्या अंगात आलं. बांगड्या मागं सारतील, चष्मा पुसतील, पदर खोचतील, परत सोडतील, कोपराला हात लावतील. समोरचे संघ वहीत लिहून लिहून थकले.

आणि गंमत अशी, की हातांच्या त्या सगळ्या कवायतीला काही म्हणजे काही अर्थ नव्हता.

खरी खूण होती बोलण्यात. ती त्यांना अंगणवाडीत सापडली. एकदा पोरांना त्या म्हणाल्या, "हात धुवा," तर सगळी नळाकडे पळाली. दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "हात धुजो बेटा," तर एकही हललं नाही. सगळी मान डोलवून खेळत बसली. चार वर्षांच्या लेकरालाही कळतं की 'धू' म्हणजे आता आणि 'धुजो' म्हणजे सवडीनं, वेळ आली की. आपण दिवसभर हेच बोलतो. येजो, जाजो, सांगजो, आणि पाहा या अर्थी पायजो. बोलतो म्हणून ऐकू येत नाही. जसा आपल्या घरातला वास आपल्याला येत नाही, तसंच.

कांताबाईंनी ते उचललं आणि थेट मैदानावर आणलं. पहिल्या बेसवर मयुरी उभी असली आणि बाई ओरडल्या, "मयुरी, केस बांध," की मयुरीनं पुढच्या चेंडूला पळायचं. "मयुरी, केस बांधजो," म्हटलं की जागेवर थांबायचं. केसच पाहिजेत असं नाही. "पानी पे," पळ. "पानी पेजो," थांब. "बूट पाय," पळ. "बूट पायजो," थांब. दोन वर्षं चाललं. वर्ध्याच्या संघाला कळलं नाही, हिंगणघाटच्या संघाला कळलं नाही. बेसवर मयुरी आली की ती पुढचा बेस चोरणारच, असं लोक धरून चालायचे. पिचरही तीच, सर्वांत वेगवान धावणारीही तीच. गवंड्याची पोरगी, अंगणवाडीपासून बाईंच्या हाताखालची. तिच्याविना संघ म्हणजे मिठाविना वरण.

आणि बाई छाती पुढं काढून सांगायच्या, "माह्या खुना चोरनारा अजून पैदा व्हाचा हाय."

हेच वाक्य पुढं त्यांच्या गळ्याशी आलं.

कारंज्याला हायवेच्या कडेला जे मैदान आहे, तिथं फायनल झाली. ढाबेवाल्यांनी मिळून तिथं एक क्लब काढलेला, त्याला सगळे हायवे क्लबच म्हणतात. त्यांच्याकडे जाळी मारलेलं मैदान, चेंडू फेकायचं यंत्र, आणि त्या वर्षी नवा आणलेला एक तरुण कोच, नीरज, दूर सांगलीकडचा. बाकीचे कोच कांताबाईंच्या हातांवर डोळे लावून बसायचे. हा गडी मान खाली घालून स्वतःच्या बुटाची लेस पाहत बसला होता. कांताबाईंना वाटलं, हार मानलेली दिसते बिचाऱ्यानं. पण मयुरी जेव्हा जेव्हा पळाली, तेव्हा तेव्हा त्यांच्या पिचरनं चेंडू बॅटवालीपासून लांब, बाहेरून टाकला, त्यांच्या कॅचरनं आधीच उभं राहून तो दुसऱ्या बेसवर फेकला, आणि मयुरी आऊट. मयुरी थांबली तर चेंडू सरळ. दोन वर्षांत कोणाला न सापडलेली पोरगी एका दुपारी तीनदा सापडली. फायनल गेली.

हंगाम संपला आणि वाद सुरू झाला. मैदानावर ऊन, पोरींच्या परीक्षा, बॅटी गोणीत बांधलेल्या. गावाला बोलायला मोकळा वेळ. बाजारओट्यावर रोज संध्याकाळी दोन माणसं ठरलेली. एक नत्थूजी, भाजी पिकवणारे आणि विकणारे. त्यांच्या पालकाच्या आणि सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांशेजारीच तिसरा बेस येतो, म्हणून स्वतःला संघाचे मालक समजणारे. दुसरे चंद्रभान, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. जगात जे काही चालतं ते आतून ठरवून चालतं, असं मानणारे.

चंद्रभान म्हणाले, "हॉर्न. ट्रकचा हॉर्न. मैदानाच्या बाजूनं एक ट्रक उभा होता. मयुरी पळायची असली का तो पोंऽऽ करे."

"हायवे हाय ना तो. ट्रक काय तिथं भजन म्हननार हाय?"

"नत्थूजी, तुम्ही पालक विका. ड्रायव्हरच्या हातात दुर्बीण होती."

"तुमी पायली?"

"पायली असती तं तिथंच पकडला असता."

मग दुसरा फाटा फुटला. बेस चोरला तर टाळ्या आणि खूण चोरली तर शिव्या, हा कुठला न्याय? चंद्रभान म्हणत की खूण चोरणं म्हणजे परीक्षेत कॉपी. नत्थूजींचं म्हणणं, की बाजारात शेजारचा दुकानदार भाव काय लावतो हे कान देऊन ऐकणं ही चोरी असेल तर निम्मा सेलू तुरुंगात पाहिजे. कांताबाई तिथून जाताना हसून म्हणाल्या, "मोबाईलनं चोरलं तं चोरी. डोळ्यानं, कानानं चोरलं तं हुशारी. पन माह्या खुना कोनी चोरूच शकत नाई, तं भांडता कायले?"

आणि चंद्रभानांनी नेमकं तिथंच पकडलं.

"बाई, बरोबर हाय तुमचं. भायेरच्याले तुमची खून कळूच शकत नाई. मंग उरलं कोन? आतलंच मानूस ना."

नत्थूजी एकाएकी जुड्यांवर पाणी मारू लागले. कारण त्याच आठवड्यात गावात बातमी आली होती, की हायवे क्लबनं मयुरीला बोलावणं धाडलं आहे. राहायची सोय, चांगलं मैदान, नागपूरच्या शिबिराला पाठवणार. कोणी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच उरली नव्हती.

कांताबाई घरी आल्या आणि त्यांना जेवण गोड लागलं नाही. दोन वर्षं ज्या वाक्याची त्यांना ऐट होती, त्याच वाक्यानं पोरीवर आळ आणला होता. खूण फुटू शकत नाही हे खरं मानलं तर मयुरी खोटी. मयुरी खरी असेल तर बाईंची खूण कच्ची. अन् कांताबाईंना मयुरीबद्दल तिळभर शंका नव्हती. पोरगी तीन वर्षांची असल्यापासून त्यांनी तिला पाहिलेली. खिचडीतला बटाटा चोरला तरी लगेच येऊन सांगायची. मग खूण फुटली कशी?

बाई पोरींच्या घरी जाऊन आल्या. पोरी तोंडानं काही म्हणत नव्हत्या. पण सकाळी धावायला निघाल्या की मयुरीला हाक मारत नव्हत्या. मयुरीनंही मग घराबाहेर पडणं सोडलं. बाई गेल्या तेव्हा ती अंगणात विटा रचत होती, बापाच्या कामाच्या.

"काऊन आली नाई वं धावाले?"

"चोरासंग कोन धावते, बाई?"

"म्या म्हटलं का तुले चोर?"

"तुमी नाई म्हटलं. पन तुमची खून कोनाले कळत नाई, हे तं तुमीच म्हनता ना." मयुरीनं वीट ठेवली, हात झटकले. "थो कारंज्याचा सर येऊन राह्यला मंगळवारी, तुमाले विचाराले. तुमी जा म्हटलं का मी जातो. अन् मले चोर म्हनत असन गाव, तं नाई म्हटलं तरी जातो."

बाई तशाच परत फिरल्या. कांताबाईंनी शेवटचा शब्द दुसऱ्याला देणं म्हणजे विहिरीला पाणी न लागण्यासारखं. गावात ती बातमी मयुरीच्या बातमीपेक्षा मोठी ठरली. मयुरी गेली असती तर संघ गेला असता, हे सगळ्यांना दिसत होतं. गुंजन नावाची एक नवी पोरगी पिचिंग शिकत होती, पण तिचा चेंडू अजून कधी बॅटवालीकडे तर कधी नत्थूजींच्या टोपल्यात जायचा. पण संघ गेला तर गेला, परत उभा करता येतो. पोरगी चोर ठरून गेली तर ते कशानं भरून काढणार?

मंगळवार म्हणजे बाजाराचा दिवस. नीरज दुपारीच आला, मोटरसायकलवरून, तोंडाला रुमाल बांधून, उन्हानं लाल झालेला. पोरगा तसा संस्कारी. खेळाडू न्यायचा तर आधी तिच्या गुरूला विचारायचं, असं त्याच्या गावी शिकवलेलं. त्याच्या मागोमाग चंद्रभान आले, बोलावलं नसताना. त्यांच्या मागोमाग नत्थूजी आले, पालकावर ओलं पोतं टाकून. शेवटी मयुरी आली आणि छपरीच्या खांबाला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली.

कांताबाईंना या पोराचा राग यायला हवा होता. पण घरी आलेला माणूस, तोही उन्हातून, आणि वयानं त्यांच्या लेकाएवढा.

"बस, बेटा."

तो बसला.

"पानी घे."

त्यानं तांब्या उचलला आणि अर्धा रिकामा केला.

"चिवडा घे थोडा."

त्यानं मूठभर घेतला. मग आतून चहा आला. बाईंनी कप त्याच्यापुढं सरकवला आणि आपल्या सवयीनं, मायेनं म्हणाल्या, "चा घेजो."

पोरगा हसला, मान डोलावली आणि कपाला हात न लावता बोलू लागला. क्लबचं सांगितलं, शिबिराचं सांगितलं. मयुरीचा खांदा कसा वळतो, तिच्या हातात काय जादू आहे, हे इतकं मन लावून सांगितलं की चंद्रभानही ऐकत राहिले. त्यांचा स्वतःचा कप केव्हाच रिकामा झाला होता. नत्थूजींनी बशीतला शेवटचा घोटही ओढला होता. नीरजच्या कपावर साय धरली. सायीवर सुरकुत्या पडल्या. एक माशी येऊन पाहून गेली.

कांताबाईंची नजर पोराच्या तोंडावर होती, ती हळूहळू कपावर आली. तिथून तांब्यावर गेली. तिथून चिवड्याच्या बशीवर. चष्मा त्यांनी नाकावर वर सरकवला, म्हणजे त्या आता खरंच पाहत होत्या.

"चा आवडत नाई का, बेटा?"

"छे छे, काकू. लई आवडतो. मला दिवसाला सहा लागतात."

"मंग घेतला काऊन नाई?"

"तुम्ही घेजो म्हणालात की." पोरगा अगदी सरळ चेहऱ्यानं म्हणाला. "घे नाही म्हणालात. म्हटलं, सांगतील तेव्हा घेऊ."

नत्थूजी हसू लागले. चंद्रभानांनी त्यांना कोपरानं गप्प केलं, कारण कांताबाई हसत नव्हत्या. त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि पाठ ताठ झाली होती, जशी कधीकाळी चेंडू यायच्या आधी व्हायची.

"आता घे," त्या म्हणाल्या.

नीरजनं कप उचलला आणि सायीसकट एका दमात संपवला.

"हे तुले कोनं शिकवलं?"

"कोणी नाही शिकवलं, काकू. सोसून शिकलो." तो रंगात आला. "कारंज्याला आलो त्या पहिल्याच दिवशी घरमालकीण म्हणाल्या, जेवाले येजो. मी लगेच हात धुऊन त्यांच्या दारात. त्यांची चूलही पेटली नव्हती. त्या बिचाऱ्या ओशाळल्या, मी पण. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, पैसे देजो. मी पाकीट काढलं तर म्हणाला, इतका अविश्वास का म्हणून? क्लबचे अध्यक्ष म्हणाले, घरी येजो, तर मी त्यांच्या गाडीच्या मागोमागच निघालो. आमच्याकडं असलं काही नसतं हो. ये म्हणजे ये. मग मीच नियम केला. मागं 'जो' लागला की हलायचं नाही. तेव्हापासून ते जो माझ्या कानाला असं टोचतंय, की गर्दीतसुद्धा ऐकू येतं."

"अन् फायनलले?"

इथं आपण काय कबूल करतोय हे नीरजच्या ध्यानात आलं असावं. पण पोरगा लपवणारा नव्हता.

"तुमच्या हातांकडं थोडा वेळ बघितलं. डोकं गरगरायला लागलं. मग खाली मान घालून नुसतं ऐकत बसलो. तुम्ही म्हणालात, मयुरी, केस बांधजो. ती थांबली. म्हणालात, केस बांध. ती पळाली. पुढं पाणी आलं, बूट आले, पण जो तोच. मी आमच्या कॅचरला म्हटलं, मी खांद्यावर नॅपकिन टाकला की ती पळणार. बास." मग त्यानं हळूच विचारलं, "चुकलं का, काकू?"

चंद्रभान खुंटीवरच्या मुखवट्याकडे पाहत होते, जणू तो घालून बसता आलं तर बरं. नत्थूजी पुटपुटले, "केस बांधजो. दोन वर्षं माह्या कानाजवळ बोंबलत होत्या बाई. मले वाटे, पोरींच्या केसाची काळजी हाय."

कांताबाईंनी आधी मयुरीकडे पाहिलं. पोरीची हाताची घडी सुटली होती.

मग त्या हसल्या. ते हसू आतून आलेलं होतं आणि बराच वेळ थांबलं नाही. आख्ख्या जिल्ह्याच्या कानांना जे ऐकू येत नाही, ते सांगलीच्या पोराला टोचतं. त्यांनी आपली खूण आपल्याच माणसांपासून लपवली होती. परका माणूस ऐकेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं. वऱ्हाडी बोलणारी बाईच अशी चूक करू जाणे.

"चुकलं नाई, बेटा," त्या म्हणाल्या. "कानानं घेतलं तं त्याले चोरी म्हनत नाई, शिकनं म्हनते. चंद्रभानभाऊ, आयकलं का? आतलं मानूस नोयतं, भायेरचं होतं. आता ओट्यावर जाऊन हेबी सांगजा."

"सांगतो ना, सवडीनं," चंद्रभान म्हणाले.

"सांगजा म्हटलं म्या, पन आत्ताच जाऊन सांगा. अन् पोरींच्या घराहून जा."

चंद्रभान उठले. जाता जाता दारातून म्हणाले, "पन ट्रकचा हॉर्न वाजला होता, हे बी खरं." आणि गेले. ते आजही हॉर्नवर ठाम आहेत, आणि ओट्यावर त्यांचे दोन श्रोते तरी रोज असतातच.

नीरजसाठी दुसरा कप गरम आला. या वेळी बाई "घे" म्हणाल्या. थोड्याच वेळात बाहेर पोरींचा गलका झाला. चंद्रभानांनी काम चोख केलं होतं. पाच-सहा जणी धापा टाकत अंगणात आल्या, आणि आत यायचं कसं हे न कळून तिथंच उभ्या राहिल्या. गुंजननं एक बॅट आणली होती, कशाला ते तिलाही ठाऊक नसावं. ती तिनं मयुरीच्या हातात दिली. मयुरीनं घेतली. एवढ्यातच सगळं मिटलं.

पण नीरजचा प्रश्न होताच. आळ गेला म्हणून बोलावणं गेलं नव्हतं. आणि आता ते आणखी अवघड झालं होतं, कारण आता मयुरीला रागानं जायची गरज उरली नव्हती. जायचं तर मनानं जायचं होतं. जाळीचं मैदान, नागपूरचं शिबिर, सगळं खरं होतं आणि चांगलं होतं, हे कांताबाईंनाही दिसत होतं. 'नको' म्हटलं असतं तर पोरगी त्यांच्या शब्दाखातर थांबली असती आणि रोज संध्याकाळी तिच्या डोळ्यांत कारंजा दिसला असता. 'जा' म्हटलं असतं तर गुंजनचा चेंडू टोपल्यातच राहिला असता, आणि पुढच्या वर्षी बारावीच्या परीक्षेला बसणारी मयुरी अजून स्वतःचा खांदाही सांभाळायला शिकली नव्हती. बाईंनी मनात सगळं नीट लावून पाहिलं. घाबरल्या मात्र नाहीत. मुखवट्यामागं बसून त्यांनी यापेक्षा वेगानं येणारे चेंडू झेलले होते.

पुढचं सगळ्यांना माहीतच आहे. या हंगामातही मयुरी सेलूकडूनच खेळते आहे. गुंजनचा चेंडू आता टोपल्यात जात नाही, नत्थूजींना त्याची थोडी खंतच आहे. सुटीच्या दिवशी नीरज सेलूला येतो आणि चेंडू वळवायचं नवं काही शिकवून जातो. चहा तो आता सांगायची वाट न पाहता घेतो. बाईंनी नवी खूणही काढली आहे. ती काय, हे ओट्यावर पुष्कळांनी पुष्कळदा विचारून पाहिलं, आणि बाईंनी प्रत्येकाला वेगळंच सांगितलं.

पण त्या मंगळवारचं ऐका. अंगणात पोरी उभ्या, छपरीत नीरज कप हातात धरून, नत्थूजी पालक विसरलेले. मयुरीनं बॅट खांद्यावर घेतली, बाईंसमोर येऊन उभी राहिली आणि लहानपणी विचारायची तशीच मान वाकडी करून तिनं विचारलं, "बाई, मंग जाऊ का मी कारंज्याले?"

नीरजचा कप ओठांजवळ थांबला. त्याच्या कानाला आता काय टोचतं, हे पाहायला पोरी छपरीच्या कडेशी सरकल्या.

कांताबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "जाजो, बेटा."